खांद्यापासून वर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या नाटक मंडळाच्या तालमीच्या खोलीबाहेर चपला साठतात ना, तसे ते साठतात. आत माणसं मोजकीच, बाहेर मात्र ढीग. कुठली कुणाची, कधीपासून पडली आहे, काही पत्ता नाही. पण एखादी उचलून फेकायला गेलं की आतून कुणीतरी म्हणतं, "राहू दे, ती माझी आहे." किश्श्यांचंही तेच. मी जे सांगणार आहे ते सगळं डहाणूत कुणी ना कुणी स्वतःचं म्हणून सांगत असतंच. आज मी सांगते, कारण प्रत्येक वेळी कॅमेरा माझ्या हातात होता.

मी तेजू, मसोलीची. मुंबईत मास मीडियाची डिग्री घेतली आणि २०१५ साली एक सेकंडहँड कॅमेरा आणि भरपूर मतं घेऊन घरी परत आले. त्यातलं सगळ्यात ठाम मत असं, की आपल्याकडच्या कलाकारांचं अडतं ते टॅलेंटपाशी नाही, फोटोपाशी! काम देणारा माणूस तुमचं नाटक बघायला डहाणूला येत नाही. तो आधी तुमचा चेहरा बघतो, तोही चहा पिता पिता, शंभर चेहऱ्यांमध्ये. म्हणून प्रत्येक कलाकाराकडे एक हेडशॉट हवा. खांद्यापासून वरचा फोटो, मागे काही पसारा नाही, नीट उजेड, डोळे थेट समोर. आमच्या भागात माणसाचा फोटो दोनदाच निघतो, लग्नात आणि सरकारी कामाला. दोन्ही वेळा त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला कसं दिसायचंय?

हे सगळं मी पहिल्याच दिवशी मंडळात उभं राहून सांगितलं. नंदूकाका आमचे दिग्दर्शक. मंडळ त्यांनीच काढलं, आणि बहुतेक नाटकांत राजा तेच असतात. त्यांनी शेवटपर्यंत मान डोलावत ऐकलं.

"छान पाठ आहे," ते म्हणाले. "आता खाली बस, तालीम सुरू करू."

*

माझ्या बाजूने एकच माणूस होतं, दमयंती वहिनी.

वहिनी बंदराकडच्या. नवरा बोटीवर, आणि किनाऱ्यावर वहिनी आणि त्यांच्या सासूबाई मिळून बोंबील वाळवायच्या, सुकट विकायच्या. मंडळातली सगळ्यात चांगली नटी कोण, असं विचारलं तर नंदूकाकासुद्धा फार वेळ न घेता वहिनींचं नाव घेतात. त्यांची हुकमी भूमिका खाष्ट सासूची. स्टेजवर त्या एक डोळा बारीक करून, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या की पहिल्या रांगेतल्या सुना आपोआप सरळ बसतात.

वहिनींची इच्छा एवढीच, की एकदा टीव्हीवर दिसायचं. छोटं काम चालेल, एक वाक्य चालेल. पण चेहरा दिसला पाहिजे.

मी परत यायच्या आदल्या वर्षी ते जवळजवळ झालंच होतं. किनाऱ्यावर एका जाहिरातीचं शूटिंग होणार होतं आणि त्यांना मासळी विकणारी बाई हवी होती. फोटो पाठवा म्हणाले. वहिनींकडे स्वतःचा म्हणावा असा एकच फोटो होता, नारळी पौर्णिमेचा. नवी रंगवलेली बोट, तिच्यावर पताका, नवरा, दीर, आणि एका पताकेमागून डोकावणारा वहिनींचा अर्धा चेहरा. त्यांनी तोच पाठवला. लगेच फोन आला. फोटो फार आवडला म्हणाले.

त्यांनी बोट घेतली.

शूटिंग संपेपर्यंत बोट कॅमेऱ्यासमोर डुलत होती आणि वहिनी मागे बांबूंवरचे बोंबील उलटत होत्या. वहिनी आजही सांगतात, "आमच्या घरातलं कोणीतरी टीव्हीवर आलं ना. मी नाय तर बोट."

मी तेव्हाच ठरवलं, की काही झालं तरी वहिनींचा हेडशॉट निघणार आणि तो योग्य माणसाच्या हातात पडणार.

*

पहिलं फोटोसेशन शाळेच्या व्हरांड्यात झालं. मागे घरची पांढरी चादर, बाजूला उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा. सगळ्यांना सांगितलं होतं की साधे कपडे घाला, मेकअप नको.

नंदूकाका दाढी, मिशा आणि मुकुट घालून आले.

मी म्हटलं, काका, हेडशॉटमध्ये तुम्ही दिसायला हवे, राजा नाही. त्यांनी मुकुट काढला. बऱ्याच वाटाघाटींनंतर दाढीही काढली. मिशीचा प्रश्न आला तेव्हा कळलं की मिशी खरी आहे, तेव्हा तो विषय सोडला. मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी एकदम छाती काढली, हनुवटी वर केली, नजर क्षितिजावर लावली. राज्याभिषेकच.

"काका, सहज बसा ना. जसे आहात तसे."

काकांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. मान तिरकी केली, सरळ केली, हसले, हसू पुसलं. शेवटी वैतागून म्हणाले, "तेजू, तो रोल मी कधी केलेलाच नाही."

*

वहिनींची पाळी आली तेव्हा वेगळीच अडचण. स्टेजवर आग ओकणारी बाई कॅमेऱ्यासमोर आधार कार्ड झाली. ओठ मिटलेले, डोळे ताठ, हात मांडीवर. मी हसा म्हटलं की वहिनी दात दाखवायच्या, डोळे तसेच. मला धीर कमी. दहा-बारा फोटो वाया गेल्यावर मी फटकन बोलून गेले, "अहो वहिनी, असं मेल्यासारखं काय बघताय?"

वहिनींचा एक डोळा बारीक झाला. जबडा थोडा पुढे आला.

"कोणाला बोलतेस गो?"

मी बटण दाबलं. तो फोटो असा आला की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघतानाही मी नकळत अर्धं पाऊल मागे सरकले. सगळे जमले. एकेकाने वाकून स्क्रीन बघितली. शेवटी नंदूकाका खालच्या आवाजात म्हणाले, "गोदाबाय."

आता हे सांगायला हवं. गोदाबाय म्हणजे वहिनींच्या सासूबाई. वहिनींची स्टेजवरची सासू ही नखशिखांत गोदाबाय, हे आख्ख्या मंडळाला माहीत होतं, निम्म्या बंदराला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त गोदाबायला, कारण ती नाटकाला येत नसे. कुणी आग्रह केला की म्हणायची, "पैसे देऊन भांडण बघायला कशाला जाऊ? घरात काय कमी हाय?"

वहिनींनी माझा हात धरला. फोटो मुंबईला पाठव, दिल्लीला पाठव, कुठेही पाठव म्हणाल्या. "पण बंदरावर दिसता कामा नये. हिने बघितला तर माझं नाटक बंद, आणि टीव्हीचं तर नावच काढायला नको."

मी शब्द दिला.

*

त्या सेशनमधल्या एका हेडशॉटला मात्र महिन्याच्या आत काम मिळालं. तो दिलीपचा.

दिलीप कैनाडचा. घरची भातशेती आहे आणि आमच्या नाटकांत तो राजाचा विश्वासू सेनापती असतो, शेवटी फितूर होणारा. त्याचा फोटो खरंच देखणा आला होता. त्याच्या आईला तो इतका आवडला की तिने मुंबईऐवजी तलासरीकडच्या एका घरी पाठवला, जिथे लग्नाची मुलगी होती.

तिकडून निरोप आला, "चेहरा चांगला आहे. बाकीचा मुलगा कुठे आहे?"

दिलीपच्या आईने कळवलं, की फोटो असाच असतो, नवीन पद्धत आहे. त्यावर मुलीकडची माणसं जास्तच सावध झाली. लपवण्यासारखं काही असल्याशिवाय कोण कशाला फोटो खांद्यापाशी कापेल? पुढच्या रविवारी टेम्पो भरून कैनाडला आली. मुलीच्या मामाने चहा घ्यायच्या आधीच दिलीपला सांगितलं, "जरा त्या आंब्यापर्यंत चालून ये."

दिलीप चालून आला. मग विहिरीवरून भरलेली कळशी आणायला सांगितली, तीही आणली. मग मामाने विचारलं, भात झोडता येतं का? अंगणात झोडायला भात नव्हतं, तेव्हा त्याने नुसत्या हवेत झोडून दाखवलं. माणसं एकमेकांकडे बघून समाधानाने मान हलवू लागली. शेवटी मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, "हे नेहमी असंच सांगितलेलं ऐकतात का?"

लग्न ठरलं. दिलीप मला पेढे द्यायला आला तेव्हा गंभीरपणे म्हणाला, "तेजू, तू ऑडिशन ऑडिशन म्हणतेस ते हेच ना?"

*

दिलीपच्या सासुरवाडीच्या गावात तारपा नाचाचं पथक होतं. त्यांना बाहेरच्या एका महोत्सवासाठी प्रत्येक कलाकाराचा वेगळा फोटो पाठवायचा होता. दिलीपने अभिमानाने माझं नाव सांगितलं. मी चादर, थर्माकोल घेऊन निघालेच.

मुलींनी छान साड्या नेसल्या होत्या, केसांत फुलं होती. मी म्हटलं, एकेक जण पुढे या.

सुमन नावाची मुलगी पुढे आली. तिच्या कमरेला हात घालून दुसरी आली. दुसरीच्या कमरेला तिसरी. अख्खी ओळ वळण घेत माझ्या चादरीसमोर येऊन उभी राहिली.

"एकटी ये ग," मी म्हटलं.

"एकटीने नाचता येत नाय," सुमन म्हणाली.

"नाचायचं नाहीये. फक्त फोटो काढायचाय."

सुमन म्हणाली, "मग नाचणारीचा फोटो कशाला म्हणता?"

मी कॉलेजात वादविवाद स्पर्धा जिंकलेली मुलगी. मी कॅमेरा खाली घेतला. तारपा नाचात कमरेचा हात सोडत नाहीत. कुणी सोडला तर वळण तुटतं, आणि या मुली माझ्यासाठी ते तोडायला तयार नव्हत्या. मग तोडगा निघाला तो असा. जिचा फोटो काढायचा ती मधे उभी राहील, आणि बाकीच्या दोन्ही बाजूंना चौकटीच्या बाहेर खाली वाकून बसतील, पण हात सोडणार नाहीत. खाली बसलेल्यांना हसू आवरेना, त्यांचे हात हलत, आणि मधलीला गुदगुल्या होत.

त्यांच्याइतके सुंदर हेडशॉट मी आजवर काढलेले नाहीत. महोत्सववाल्या बाईंनी मला कौतुकाने मेसेज केला, की कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलींच्या चेहऱ्यावर इतकं मोकळं हसू तू कसं आणलंस?

मी लिहिलं, "कमरेला धरून."

*

पथकाचा तारपा, म्हणजे भोपळ्याचं ते लांब फुंकवाद्य, वाजवायचे रूपजीबाबा. तारपा एकदा तोंडाला लावला की मधे श्वास घ्यायला थांबायची सोय नाही, त्यामुळे त्यांचे गाल पेरूएवढे फुगलेले असतात आणि तसेच राहतात.

बाबा खुर्चीवर शांत बसले. मी बटण दाबणार, तेवढ्यात त्यांनी गाल फुगवले.

मी म्हटलं, बाबा, गाल सोडा. त्यांनी सोडले. मी फोटो काढला आणि स्क्रीनवर दाखवला. बाबांनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं.

"हा नाय. हा शेतावर जातो तो."

मग पुन्हा गाल फुगवून बसले. मी तोही फोटो काढला. तो बघून त्यांचं समाधान झालं. "हा तारपा वाजवतो तो. त्यांनी यातल्या कोणाला बोलावलाय?"

मी गालवाला फोटो प्रिंटला दिला.

*

प्रिंट मी डहाणू रोडला जितूभाईंच्या स्टुडिओत काढायचे. जितूभाईंची हयात पासपोर्ट फोटोत गेलेली. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक काळा कोट आहे, टायसकट. अर्ध्या तालुक्याच्या ओळखपत्रांवर तो एकच कोट आहे. मी त्यांना पेन ड्राइव्ह दिला आणि निक्षून सांगितलं, की जसे आहेत तसेच छापा.

जितूभाईंना वाटलं, बेन बिचारी संकोचाने जास्त काही मागत नाही. त्यांनी आपणहून सगळ्यांचे चेहरे उजळ केले, मागे निळा रंग टाकला आणि रूपजीबाबांना कोट घातला. मी दुकानातच डोक्याला हात लावला, तर ते माझी समजूत घालायला लागले, "कोट मफत नाख्यो छे, बेन. टेन्शन नही."

दुसऱ्या दिवशी महोत्सवाची मुदत संपत होती, आणि ईमेलने मूळ फोटो पाठवून मी वेळ निभावली. प्रिंट मात्र बाबांच्या घरी नेऊन दिली, कारण फेकवेना. गोरेपान रूपजीबाबा, काळा कोट, लाल टाय, आणि वर फुगलेले गाल. बाबांनी फोटो बराच वेळ न्याहाळला आणि बायकोकडे दिला. तिने तो लांब धरला, जवळ धरला.

"हा माणूस दारात आला," ती म्हणाली, "तर मी आधी कोंबडी झाकून ठेवीन."

*

आता दिलीपचा उपकार सांगते.

लग्न जमवून दिलं म्हणून त्याला मंडळासाठी काहीतरी करायचं होतं. २०१७ च्या चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या यात्रेत आमचं नाटक होतं. मी दिलेली फोटोंची सीडी त्याच्याकडे होतीच. त्याने कुणाला न विचारता भला मोठा फ्लेक्स बनवला. "यात्रेकरूंचे हार्दिक स्वागत", आणि खाली ओळीने आमचे सगळ्यांचे चेहरे, खांद्यापासून वर. मधोमध सगळ्यात मोठा कुणाचा? दिलीपच्या मते जो फोटो सगळ्यात दमदार आला होता त्याचा.

वहिनींचा.

मी यात्रेत पोचले आणि समोर तो फ्लेक्स. बंदरावर दिसता कामा नये असं वहिनी म्हणाल्या होत्या, आणि हे काही बंदर नव्हतं, हे खरं. पण यात्रेला अख्खं बंदर येतं. सुकी मासळी विकायला तर येतंच येतं. माझी नजर फ्लेक्सवरून हळूहळू खाली आली. फ्लेक्सच्या बरोबर खाली, सुकटीचे ढीग मांडून, गोदाबाय बसली होती.

तिने अजून वर पाहिलं नव्हतं. पण गिऱ्हाइकं वर बघत होती, मग खाली बघत होती, मग पुन्हा वर. तोच बारीक डोळा, तोच पुढे आलेला जबडा. वय सोडलं तर फरक नाही. शेवटी एका माणसाने विचारलंच, "काय आजी, कुठल्या वॉर्डातून उभ्या राहताय?"

गोदाबायने वळून वर पाहिलं.

 मी एका खेळण्यांच्या दुकानामागे सरकले. मग ती त्या माणसाकडे वळली. "उभी राहिले तर मत देशील?"

"देईन की!"

"मग सुकट घे आधी."

दुपारपर्यंत तिचा सगळा माल संपला. लोक सुकट घेत होते, फ्लेक्सखाली तिच्याबरोबर सेल्फी काढत होते. संध्याकाळी आमच्या नाटकात वहिनी स्टेजवर आल्या तेव्हा त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी विंगेत उभी राहून त्यांना सांगायचं कसं याची वाक्यं जुळवत होते. नाटक झाल्यावर सांगितलं. "संपलं माझं नाटक," वहिनी म्हणाल्या.

पण घरी गेल्यावर गोदाबाय एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनी मला म्हणायच्या, "ओरडली असती तर बरं झालं असतं गो. ही गप आहे म्हणजे काहीतरी मोठं शिजतंय."

*

आणि आता शेवटचा.

दिवाळीनंतर एका मालिकेची माणसं डहाणूजवळच्या एका चिकूच्या वाडीतला बंगला भाड्याने घेऊन शूटिंग करणार होती. त्यांना बंदरावरच्या एका खाष्ट सासूचं काम करायला इथलीच बाई हवी होती. भूमिका चांगली मोठी, वाक्यं भरपूर. मी वहिनींचा हेडशॉट पाठवला. अर्ध्या तासात फोन, "या बाईंना घेऊन या. बाकी कुणाला बोलवत नाही आहोत."

माझ्या दोन वर्षांच्या भाषणांचं चीज झालं होतं. मी नाचायचीच बाकी होते. वहिनींना फोन केला तर पलीकडे रडवेला आवाज. गोदाबायला कळलं होतं आणि तिने जाहीर केलं होतं, "मी पण येणार. कोण कुठली माणसं, सुनेला एकटी पाठवू?"

"ती समोर बसली तर मी नाय करणार, तेजू. माझ्या तोंडातून शब्द नाय निघणार."

मी चिडले. वहिनींना म्हटलं, तुमचा चेहरा आत पोचलाय, त्यांनी त्याला पसंत केलंय, आता फक्त त्याच्या मागोमाग तुम्ही जायचंय. बोट गेली तेव्हा बघत राहिलात, या वेळीही बघत राहणार का? बोटीचं नाव काढल्यावर वहिनी तयार झाल्या.

बंगल्याच्या हॉलमध्ये कॅमेरा लावला होता. मुंबईहून आलेली निवड करणारी मुलगी माझ्याच वयाची, कानावर पेन. तिच्या लॅपटॉपवर वहिनींचा हेडशॉट उघडलेला. गोदाबाय कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसली, मांडीवर पिशवी घेऊन. त्या मुलीने वहिनींना प्रसंग समजावला. बोंबील वाळत घातलेत, ऊन कलायला आलंय आणि सून मोबाइलवर बोलत बसलीय. सासू येते आणि तिला झापते. सून समोर आहे असं समजा आणि सुरू करा.

वहिनी उभ्या राहिल्या. कोपऱ्याकडे एकदा बघितलं. आणि त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो घरातला होता, "होय आई", "करते आई" असं म्हणणारा. तीन वाक्यं बोलल्या आणि थांबल्या. मुलगी म्हणाली, पुन्हा करू. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर वहिनी सुनेला झापता झापता तिची माफी मागतात की काय असं वाटलं.

त्या मुलीने लॅपटॉपकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, मग मला हळूच विचारलं, "फोटोतल्या बाई याच ना?"

मी हो म्हटलं. तिने सुस्कारा टाकला आणि कानावरचं पेन काढलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. आता पुढचं वाक्य काय येणार ते आम्हा तिघींनाही कळलं होतं.

खुर्ची करकरली. गोदाबाय उठली. पिशवी खाली ठेवली आणि सरळ चालत कॅमेऱ्यासमोर आली. मला वाटलं, आता ही हाताला धरून सुनेला घरी नेणार. ती वहिनींसमोर उभी राहिली, वहिनींच्या खांद्यावरचा पदर ओढला, कमरेभोवती घेतला आणि गच्च खोचला.

"आधी पदर खोचायचा, मग बोलायचं," ती म्हणाली. "दर नाटकात विसरतेस."

वहिनी तिच्याकडे बघतच राहिल्या. गोदाबाय जागची हलली नाही. तिथेच उभी राहिली, सुनेच्या जागी.

मग वहिनींचा एक डोळा बारीक झाला. जबडा पुढे आला. हात कमरेवर गेले.

"ऊन चाललं," वहिनी सुरू झाल्या, "बोंबील सकाळपासून एका कुशीवर पडलेत, आणि आमची राणी मोबाइलवर. कोणाशी बोलतेस? आईशी? तिला सांग, तुमची मुलगी परत न्या आणि बोंबील उलटणारी कोणीतरी द्या. मी तुझ्या वयाची होते तेव्हा उन्हाला सांगायची, थांब. आणि थांबायचं ते!" आणि मग जे सुटल्या ते प्रसंगात लिहिलेलं नव्हतंच. मिठाचं, कांडपाचं, चहात साखर जास्त टाकण्याचं, दार उघडं टाकून शेजारी जाण्याचं, इतक्या वर्षांचं सगळं गोदाबायचं गोदाबायला. चिकू तोडणारी माणसं खिडकीशी येऊन उभी राहिली. थांबा म्हणायचं त्या मुलीला सुचलंच नाही.

वहिनी आपण होऊन थांबल्या तेव्हा त्या मुलीने पेन पुन्हा कानावर ठेवलं.

"सोमवारी सकाळी या," ती म्हणाली. "साडी हीच, पदर असाच." मग गोदाबायकडे बोट करून तिने विचारलं, "आणि या आजी कोण?"

वहिनींचे हात अजून कमरेवरच होते.

"ही? ही माझी सून. जरा हळू आहे, पण शिकेल."

गोदाबायने डोक्यावर पदर घेतला आणि मान खाली घातली.